माया ठेवून

पॅटर्नमेकरच्या पट्टीवरचा फूट बारा इंचांचा नसतो. तो बारा इंच एक सूत असतो. बिडाचा रस वाळूच्या साच्यात ओतला की थंड होताना फुटामागे सूतभर आकसतो. म्हणून लाकडी नमुना तेवढा मोठा करायचा. बाजारातल्या पट्टीनं करायला गेलात तर कास्टिंग लहान निघणार. बेळगावच्या उद्यमबागेत मी तीसेक वर्षं या खोट्या पट्टीनं खरी मापं काढत आलो. आई शहापुरात ब्लाउज शिवायची. कामाला लागलो तेव्हा कौतुकानं तिला ही पट्टी दाखवली. ती म्हणाली, ''म्हणजे माया ठेवतोस की तू पण.'' शॉपमध्ये सगळे त्याला अलाउन्स म्हणतात. मी मनात मायाच म्हणतो.

बेळगावला चाकांचं वेड जुनं. चाकाचे बूट घालून, पाय फाकवून, जमिनीला छाती टेकेल इतकं वाकून गाड्यांच्या पोटाखालून निघणारी पोरं या गावानं दिली. माझी मुलगीही सातव्या वर्षापासून रिंकवर. २०२१ मध्ये टोकियो ऑलिम्पिकमध्ये स्केटबोर्डिंग पहिल्यांदा आलं आणि मोमिजी निशिया या जपानी मुलीनं तेराव्या वर्षी सुवर्णपदक घेतलं. आमच्या घरात चाकाचे बूट त्याच आठवड्यात खाटेखाली गेले. हट्टानं एक स्वस्तातली फळी आणली. महिनाभरात तिचे दोन तुकडे घेऊन पोरगी दारात उभी. तोंड एवढंसं.

मी तिची समजूत घालायची सोडून तुटलेली कड बघत बसलो. फळी सरळ रेषेत मोडली होती. आत सगळे थर एकाच दिशेचे, लाकूड मऊ, आणि मधल्या दोन थरांत डिंक पोचलेलाच नव्हता. म्हटलं, आता फळी आपणच करायची.

चांगल्या स्केटबोर्डची फळी सात थरांची. ज्या मेपलच्या चिकातून सरबतासारखा गोड पाक काढतात, त्याच झाडाचं टणक लाकूड. प्रत्येक थर साधारण दीड मिलिमीटरचा. पाच थरांचे रेषे उभे, दोनांचे आडवे, म्हणजे लांबीत ताकद आणि रुंदीत चिरायची भीती नाही. वही वाकवली की पानं एकमेकांवरून सरकतात आणि सोडली की वही सरळ होते. वाकवलेल्या अवस्थेतच पानं चिकटवून टाकली तर मात्र तिला सरळ व्हायची सोय राहत नाही. फळीचा बाक आणि दोन्ही टोकांचा उठाव एवढ्यावरच उभा असतो. चार्ल्स आणि रे ईम्स या जोडप्यानं १९४२च्या सुमारास अमेरिकेच्या नौदलासाठी जखमी पायाच्या खपच्या केल्या, त्या याच रीतीनं.

पण डिंक नीट धरायला थर एकमेकांना घट्ट भिडावे लागतात. मी चौरस सेंटिमीटरला ७ किलोच्या आसपास दाब धरला. माझे थर २४ सेंटिमीटर रुंद, ८४ लांब. क्षेत्र २०१६. गुणाकार केला आणि चष्मा काढून ठेवला. १४ टन! उसानं खचून भरलेली ट्रॉली त्या एवढ्याशा फळीवर उभी करायची, आणि तीही रात्रभर.

दाब देणं हे त्यातलं सोपं काम. ट्रक उचलायचा २० टनांचा बाटली जॅक कुठल्याही ऑटोमोबाइलच्या दुकानात मिळतो. हँडलवर ४० किलोंचा जोर द्या. दांड्याच्या लांबीनं तो वीस पट होतो. आतला छोटा दट्ट्या तेलाला ढकलतो, आणि मोठ्या दट्ट्याचं तोंड पंचवीस पट मोठं असेल तर तोच जोर पुन्हा पंचवीस पट. झाले २० टन. पास्कलनं सतराव्या शतकात सांगितलेला नियम वापरून जोसेफ ब्रामानं प्रेस केला आणि १७९५ साली इंग्लंडमध्ये त्याचं पेटंट घेतलं. त्याचं घोडं अडलं ते गळतीवर. तोड निघाली चामड्याच्या वाटीची. आतून दाब वाढेल तशी ती वाटी फुगून भिंतीला अधिकच घट्ट बसते. हे श्रेय ब्रामाच्याच कारखान्यातल्या हेन्री मॉडस्लेला देतात. हापशाचा चामडी वॉशर बदललेल्या माणसाला ही युक्ती समजावून सांगावी लागत नाही. आज बेळगावजवळ आमच्या मच्छेला हायड्रॉलिक पंप आणि व्हॉल्व्ह बनतात. चामड्याच्या जागी रबरी सील आलं, तत्त्व तेच.

मी चुकलो ते दुसऱ्याच ठिकाणी. जॅक जेवढा वर रेटतो तेवढाच खालीही रेटतो. १४ टन फळीवर हवे असतील तर १४ टन चौकटीनंही सोसायला हवेत. हे मला तोंडपाठ होतं, आणि तरी भंगारात ७५ मिलिमीटरचे लोखंडी चॅनल स्वस्त दिसले म्हणून तेच उचलले. शेजारच्या शेडमधल्या वेल्डरनं चौकट जोडून दिली. मध्यभागी एक जॅक ठेवून मी हँडल मारायला लागलो. पाचेक टनांनंतर हँडल अचानक हलकं लागायला लागलं. मला वाटलं, थर बसायलेत. वेल्डर मागून म्हणाला, ''मामा, थांबा. वरचा चॅनल पोट काढायलाय बघा.''

सूत लावून बघितलं. मधोमध चांगला तीन मिलिमीटर फुगवटा. जॅक सैल केला तरी तो गेला नाही. लोखंड एका हद्दीपर्यंत वाकून परत येतं. ती हद्द ओलांडली की ते वाकलेलंच राहतं. आयुष्यभर बिडाच्या आकसण्याचा हिशेब ठेवला, आणि पोलादाच्या वाकण्याचा ठेवायला विसरलो.

दुसरी चौकट १५०च्या जोड चॅनलची. जॅक एकाऐवजी दोन, टोकांपासून लांबीच्या पाव अंतरावर, आणि साचा व जॅक यांच्यामध्ये जाड प्लेट, म्हणजे दाब मध्ये न साचता फळीच्या दोन्ही टोकांपर्यंत, नाकाशेपटापर्यंत जाईल. हँडल मारताना चौकटीच्या समोर उभं राहायचं नाही, बाजूला राहायचं, हा नियम घरातल्या सगळ्यांना. पोरीला तर दोन मीटरची रेघच आखून दिली.

साचा मात्र माझ्या हातातला. सागवानाचे दोन भाग, नर आणि मादी. नवखा माणूस दोन्हींचा बाक एकाच त्रिज्येचा काढतो. मग मध्ये थर ठेवले की कडा घट्ट आणि पोट पोकळ. मध्ये सेंटिमीटरभर जाडी येणार, तर बाहेरच्या बाकाची त्रिज्या तेवढ्यानं मोठी हवी. शेपटीचा उठाव २० अंश हवा होता. मी साचा २२चा केला. चौकटीतून सुटलेलं लाकूड थोडं मागं येणार हे आधीच धरलं.

दीड मिलिमीटरचं मेपल इथं मिळेना. फर्निचरवाल्यांकडचा शोभेचा थर अर्ध्या मिलिमीटरच्या आसपासचा, तो इथं कुचकामी. कॉफीच्या मळ्यात सावलीसाठी लावतात त्या सिल्व्हर ओकचे थर प्लायवुडवाल्याकडून आणले. शेपटीच्या वळणावर पहिलाच थर कडकन तडकला. सासरे निपाणीचे, सारी हयात तंबाखूत गेलेली. खुर्चीत बसून बघत होते. म्हणाले, ''जावईबापू, तंबाखूच्या पाल्याला कोण भर दुपारी हात लावतं? चुरा हुतोय. पहाटेच्या दवात लावायचा.'' तेवढ्या वळणापुरतं ओलं फडकं ठेवलं. पाणी मुरेपर्यंत थांबून साच्यात कोराच दाबून ठेवला. दुसऱ्या दिवशी सुकला तेव्हा बाक धरून होता. मग डिंक.

डिंक पाण्याला टिकणारा हवा. बेळगावच्या पावसाशी गाठ आहे. आम्ही पुढच्या वर्षीच्या जुलैत बसलो, हीही चूकच. हवेतला ओलावा थरांत शिरतो आणि डिंकातलं पाणी बाहेर पडायचं नाव घेत नाही. सहा पृष्ठांवर रोलरनं पातळ डिंक फिरवायचा, थर एकावर एक बसवायचे, साच्यावर प्लास्टिकचा कागद, आणि जॅक. कडेनं डिंकाचे बारीक मणी सगळीकडून सारखे यायला हवेत. जिथं मणी नाहीत तिथं आत पोकळ. पोरगी बॅटरी घेऊन रेघेपलीकडून मोजायची, ''बाबा, शेपटीकडं कोरडं आहे की.'' मी हँडल मारायचो. दहा मिनिटांनी थर दबून बसतात, दाब उतरतो, की पुन्हा दोन हात. काम काय, तर शेजारी बसून राहायचं. पावसाळा म्हणून एका रात्रीऐवजी दोन रात्री ठेवली.

उघडली तेव्हा शेपटीला कोनमापक लावला. साडेवीस. दीड अंश मागं आली होती. मी दोन धरले होते.

ती फळी चार महिने चालली. सिल्व्हर ओक मेपलएवढा टणक नाही. जमिनीवर आपटून आपटून शेपूट वस्तऱ्यासारखी झिजली. पण मोडली नाही, थर सुटले नाहीत. झिजलेल्या कडेवर सातही थर वेगवेगळे दिसत होते, वहीच्या पानांसारखे.

दुसरी फळी दिवाळीनंतर, कोरड्या हवेत दाबली. बाहेरची रेघ या वेळी तिनंच पुठ्ठ्यावर काढून आणली. मापली तर रुंदी सव्वाआठ इंच. मागची आठ होती.

''जास्त का गं?''

''माझे पाय वाढायलेत की, बाबा.''

मी पुठ्ठा फळीवर ठेवला, पेन्सिल फिरवली, आणि घासायला दोन मिलिमीटर सोडून रेघेच्या बाहेरून करवत लावली.