दार कोणी उघडावे?

घराचे दार बाहेर जाण्यासाठी असते की आत येण्यासाठी, असा प्रश्न कोणी केला तर आपण त्याला हसू. परंतु आज घरोघरी भिंतीवर किंवा कपाटावर जी लहानशी पेटी हिरवे दिवे मिचकावीत बसलेली असते, त्या राउटरचे दार मुळात बाहेर जाण्यासाठीच बनविलेले असते. घरातील कोणीही त्यातून हवे तेव्हा जगात जाऊन यावे; जगातील कोणी आपण होऊन आत येऊ म्हणेल, तर त्याला ते उघडत नाही. एरवी ही गोष्ट आपल्या ध्यानातही येत नाही. दोन घरांना एकमेकांशी परभारे देवघेव करावयाची वेळ आली, म्हणजे मात्र ती चांगलीच जाणवते. आम्हांस ती वेळ गेल्या वर्षी आली, आणि तिने जे शिकविले ते आमच्या विद्यार्थी मित्रांना उपयोगी पडेल असे वाटल्यावरून हा लेखनप्रपंच.

आपण परीक्षेचा निकाल पाहतो किंवा एखादी चित्रफीत पाहतो, तेव्हा दूर कोठेतरी असलेल्या मोठ्या संगणकाकडे मागणी करीत असतो. तो दाता आणि आपण याचक. याहून निराळी एक रीत आहे. तीत दोन्हीकडचे संगणक समान पायरीवर असतात. प्रत्येक जण देतो आणि प्रत्येक जण घेतो. हिला ‘पीअर-टू-पीअर’ म्हणतात. ब्रॅम कोहेन याने २००१ साली पुढे आणलेले ‘बिटटोरेंट’ हे या रीतीचे प्रसिद्ध उदाहरण होय. ‘लिनक्स’ या मुक्त प्रणालीच्या कित्येक संचांचे वाटप आजही त्या मार्गाने होते. दुसऱ्याच्या मालकीचे ग्रंथ वा चित्रपट विनापरवाना वाटण्यासाठीही लोक ते वापरतात, ही गोष्ट खरी. ते कायद्याला धरून नाही आणि सभ्यपणालाही धरून नाही. पण सुरीने भाजी चिरावी की बोट कापावे, हे सुरी ठरवीत नाही.

आमचे काम अगदी घरगुती होते. आमच्या आजीला जात्यावरच्या ओव्या अगणित येत. १९८४ ते १९८९ या काळात वडिलांनी बेळगावच्या घरी त्या ध्वनिफितींवर उतरवून घेतल्या. फिती अडतीस, प्रत्येकी तासाभराची. आजी गेली, फिती आत्याकडे राहिल्या. चुंबकीय फीत वर्षानुवर्षे टिकत नाही, म्हणून आतेभावाने त्या सर्व संगणकावर उतरविल्या. उत्तम प्रतीचा एक तासाचा आवाज सुमारे ६३५ मेगाबाइट जागा घेतो. म्हणजे सारा ठेवा मिळून २४ गिगाबाइट झाला. हा ठेवा एकाच संगणकाच्या एकाच तबकडीवर होता, आणि ती तबकडी अधूनमधून चमत्कारिक टकटक करू लागली होती.

कोणी म्हणेल, पेन ड्राइव्ह टपालाने का पाठविला नाही? पाठविता आला असता. पण काम एका पाठवणीने संपणारे नव्हते. ओव्यांतील जुने शब्द आत्याला ठाऊक. ते लिहून काढण्याची उसंत आम्हांस बडोद्यात. ती रोज टिपणे घालणार, आम्ही रोज लेखन करणार, आणि दोन्ही घरी एकच अद्ययावत प्रत असावी, ही आमची निकड होती. यासाठी ‘सिंकथिंग’ नावाचे मुक्त सॉफ्टवेअर आम्ही निवडले. २०१३ पासून चालत आलेले हे साधन दोन संगणकांतील एकेक कप्पा परस्परांशी जुळता ठेवते, आणि मजकूर वाटेत कोणास वाचता येऊ नये अशा रीतीने कुलूपबंद करून पाठविते.

दोन्हीकडे ते बसविले, एकमेकांची ओळख पटवून दिली, आणि देवघेव सुरू झाली. पण गोगलगाईच्या गतीने. पडद्यावर पाहिले तो जोडणीच्या रकान्यात ‘रिले’ असा शब्द. याचा अर्थ असा, की दोन घरांची समक्ष गाठ पडत नव्हती. तेव्हा तिसऱ्याच कोणी स्वयंसेवकाने चालविलेल्या संगणकाच्या हातून एकेक पुडके इकडून तिकडे जात होते. त्या परोपकारी मध्यस्थाचे आभारच मानावयाचे. परंतु सेकंदाला शंभर किलोबाइटच्या त्या गतीने सारा ठेवा यावयास अखंड पावणेतीन दिवस लागले असते. आणि बेळगावची ती तबकडी तर रोज टकटकत होती!

असे का व्हावे, हे समजण्यासाठी थोडा इतिहास सांगितला पाहिजे. इंटरनेटवरील प्रत्येक यंत्राला पत्ता लागतो. १९८१ साली पत्त्यांची जी पद्धत मुक्रर झाली, तीत एकंदर ४२९ कोटी ४९ लक्ष ६७ हजार २९६ पत्ते होऊ शकतात. त्या काळी ते अपार वाटले असतील. पुढे ते पुरणार नाहीत असे दिसू लागले, तेव्हा १९९४ साली एक युक्ती प्रसिद्ध झाली: एका घराला बाहेरचा एकच पत्ता द्यावा, घरातील यंत्रांना आतल्या आत खासगी पत्ते द्यावेत, आणि दोहोंमधील भाषांतर दारावरच्या पेटीने करावे. घरातील संगणकाचा पत्ता १९२.१६८ अशा आकड्यांनी सुरू झालेला आपण पाहतो, तो हा खासगी पत्ता. जागतिक साठ्यातील पत्त्यांचे शेवटचे गठ्ठे ३ फेब्रुवारी २०११ रोजी वाटले गेले. तरीही जग चालले आहे, त्यात या युक्तीचा वाटा मोठा आहे.

जुन्या वाड्यांना देवडी असे, आणि देवडीवर पहारेकरी. राउटर हा तसा पहारेकरी समजावा. घरातून कोणी बाहेर निरोप धाडला की तो वहीत टिपतो: अमक्या खोलीतून, तमक्या ठिकाणी. उत्तर आले की वही पाहून ते त्याच खोलीत पोचते करतो. पण वहीत ज्याची नोंद नाही असा पाहुणा आला, तर तो कोणाकडे आला हेच पहारेकऱ्याला कळत नाही, आणि तो त्याला परत लावतो. यात त्याची चूक काही नाही. घराचे रक्षण होते ते यामुळेच. आता दोन्ही घरी असेच पहारेकरी असले, तर दोघेही एकमेकांच्या पाहुण्याला परत लावणार. ‘पीअर-टू-पीअर’ची सारी रडकथा एवढ्यात आली.

उपाय असा, की पहारेकऱ्याला आगाऊ सांगून ठेवावे. प्रत्येक पत्त्यावर ० पासून ६५,५३५ पर्यंत क्रमांकांच्या खिडक्या असतात. त्यांस ‘पोर्ट’ म्हणतात. सिंकथिंगची खिडकी २२००० क्रमांकाची. “या खिडकीवर जो येईल त्याला अमक्या संगणकाकडे पाठव,” असा नियम राउटरमध्ये लिहिला म्हणजे झाले. याचे नाव ‘पोर्ट फॉरवर्डिंग’.

सांगण्यास सोपे, परंतु नियम लिहूनही जोडणी होत नाही, असा अनुभव पुष्कळांना येतो. अशा वेळी भराभर दहा बटणे दाबू नयेत. एका वेळी एकच गोष्ट बदलावी, आणि काय घडले ते कागदावर टिपावे. आम्ही ज्या क्रमाने गेलो तो असा.

प्रथम संगणकाचा स्वतःचा संरक्षक, म्हणजे ‘फायरवॉल’, पाहावा. देवडीवरून पाहुणा आत आला तरी खोलीचे दार बंद असू शकते. विंडोजमध्ये घरातील वाय-फायची नोंद चुकून ‘सार्वजनिक’ अशी झालेली असली, तर तो अधिक कडक वागतो. त्याला कायमचा बंद करू नये. त्या एका सॉफ्टवेअरपुरती मुभा द्यावी.

दुसरे, संगणकाचा आतला पत्ता स्थिर करावा. राउटर हे पत्ते भाड्याने दिल्यासारखे देतो. आज नियमात ज्या पत्त्यावर बोट दाखविले तो उद्या संगणकाकडून निघून एखाद्या मोबाइलकडे गेला, तर पाहुणे मोबाइलकडे जाऊ लागतील! राउटरमध्येच तो पत्ता त्या संगणकासाठी राखून ठेवण्याची सोय असते. काल चाललेली जोडणी आज का चालत नाही, या कोड्याचे उत्तर बहुधा येथे सापडते.

तिसरे, नियम दोन्ही प्रकारच्या वाहतुकीसाठी आहे ना, हे पाहावे. टी.सी.पी. ही पोच घेऊन पाठविण्याची रीत, आणि यू.डी.पी. ही पोच न मागता पाठविण्याची. सिंकथिंग दोन्ही वापरते. नियमात एकच लिहिली तर अर्धेच दार उघडते.

चौथे, परीक्षा बाहेरून घ्यावी, आणि त्या वेळी सॉफ्टवेअर चालू असावे. खिडकीमागे कोणी बसलेलेच नसेल, तर ती उघडी असूनही बंद भासते.

पाचवे, आणि सर्वांत महत्त्वाचे: राउटरच्या पानावर त्याचा बाहेरचा पत्ता लिहिलेला असतो तो पाहावा, आणि जगाला आपला पत्ता कोणता दिसतो तोही पाहावा. दोन्ही एकच असले तर ठीक. निराळे असले, तर आपल्या दारापुढे आणखी एक दार आहे असे समजावे.

आमचे घोडे येथेच अडले होते. बडोद्याच्या राउटरवरील पत्ता १००.७२ असा सुरू होत होता. १००.६४ पासून १००.१२७ पर्यंतचा पट्टा २०१२ साली इंटरनेट पुरविणाऱ्या कंपन्यांच्या अंतर्गत वापरासाठी राखून ठेवलेला आहे. म्हणजे आमची कंपनी एकच बाहेरचा पत्ता अनेक घरांत वाटून देत होती. आमच्या देवडीपुढे साऱ्या पेठेची वेस होती, आणि त्या वेशीवरच्या पहारेकऱ्यावर आमची सत्ता चालत नव्हती. आपल्या राउटरमध्ये हजार नियम लिहिले तरी तेथे उपयोग शून्य. कंपनीकडून स्वतंत्र पत्ता मागता येतो, पण त्याला बहुधा निराळे पैसे पडतात.

मग आम्ही बेळगावला फोन केला. आतेभावाची मुलगी नववीत आहे, तिने सर्व पाहून सांगितले, “काका, इथे दोन पेट्या आहेत. एक खाली कंपनीवाल्यांनी लावलेली, नि एक माडीवर बाबांनी आणलेली. वरच्या पेटीचा बाहेरचा पत्ता १९२.१६८ ने सुरू होतो.” म्हणजे तेथेही दाराआड दार; पण दोन्ही दारे घरचीच! खालच्या पेटीचा पत्ता मात्र जगाला दिसणाऱ्या पत्त्याशी तंतोतंत जुळत होता. तिने विचारले, “मग दार कुणी उघडायचं? तुम्ही की आम्ही?”

या प्रश्नातच उत्तर होते. दोन्ही संगणक एकमेकांना हाक मारीत असतात. बडोद्याहून निघालेली हाक बाहेर जाण्यास कोणाचीच हरकत नव्हती. बेळगावने ती ऐकून घेतली, की उत्तर वहीतील नोंदीप्रमाणे आमच्यापर्यंत बिनबोभाट येणार. दोघांपैकी एकाचे दार उघडे असले तरी भेट होते! पत्ता अधूनमधून बदलला तरी हरकत नाही. नवा पत्ता कळविण्याची व्यवस्था सॉफ्टवेअरपाशी असते.

मुलीने माडीवरच्या पेटीचे पहारेकऱ्याचे काम काढून घेतले आणि तिला केवळ वाय-फाय पसरविण्याच्या कामी लावले. मग संगणकाला पत्ता राखून दिला, आणि खालच्या पेटीत २२००० चा नियम लिहिला. अर्ध्या घटकेत ‘रिले’ शब्द गेला आणि तेथे थेट जोडणीचा शब्द आला. सेकंदाला अडीच मेगाबाइट या गतीने पावणेतीन तासांत अडतीसही फिती बडोद्यास पोचल्या. पुढे दीड महिन्याने ती तबकडी खरोखरच बंद पडली; पण तोवर आजीचा आवाज दोन घरी नांदत होता.

येथे काही इशारे देणे आमचे कर्तव्य आहे. काम लवकर व्हावे म्हणून राउटरची सारीच दारे एका संगणकाकडे उघडून देण्याची जी ‘डी.एम.झेड.’ नावाची सोय असते, तिच्या वाटेस जाऊ नये. ‘यू.पी.एन.पी.’ या सोयीने सॉफ्टवेअर आपण होऊन दार उघडून घेते. ती सोयीची खरी, पण घरातील कोणतेही यंत्र तिचा लाभ घेऊ शकते, हे ध्यानात ठेवावे. राउटरचा मूळचा परवलीचा शब्द बदलावा. काम संपल्यावर नियम पुसून टाकावा. आणि जुळती प्रत म्हणजे राखीव प्रत नव्हे: एका घरी पुसलेले दुसऱ्या घरीही पुसले जाते. म्हणून तिसरी प्रत निराळी काढून कपाटात ठेवावी. आम्ही ती ठेवली आहे.

पत्त्यांची नवी पद्धत, आय.पी.व्ही. ६, हळूहळू सर्वत्र येत आहे. तीत पत्ता ३२ ऐवजी १२८ अंकस्थानांचा असल्याने प्रत्येक यंत्राला स्वतःचा पत्ता देता येतो, आणि भाषांतराची यातायात उरत नाही. तरी पहारेकरी राहीलच, आणि राहावाही. कोणाला आत घ्यावे हे ठरविण्याचे काम तेव्हाही घरच्या माणसांनाच करावे लागेल.

असो. आता रोज रात्री आत्या एखाद्या शब्दाचा अर्थ टिपून ठेवते, आणि सकाळी तो आमच्या पडद्यावर उमटलेला असतो. अडतीसपैकी अकरा फितींचे लेखन पुरे झाले आहे. दोन घरांत अंतर पडले, म्हणजे आधी दार कोणी उघडावे यावर पुष्कळ वेळा सारे अडून बसते. ज्याला उघडता येते त्याने उघडावे, एवढेच त्याचे उत्तर आहे. दुसऱ्याने फक्त हाक मारण्याचे थांबवू नये.