हातखंब्याचा मुक्काम

मुंबई-गोवा महामार्ग सोडून रत्नागिरीची वाट धरायची, तर हातखंब्याचा तिठा लागतो. तिथेच आमच्या गाडीचा क्लच गेला. गाडी म्हणजे आमचे घरच. चूल, पुस्तके, अंथरूण, सारे तिच्यात. गिअरबॉक्स उतरवावा लागणार होता आणि क्लचप्लेट आंबा घाट उतरून कोल्हापूरहून एस.टी.ने यायची होती. ‘गाडी ठेवून जा, उद्या या,’ मिस्त्री सवयीने म्हणाले. जायचे कुठे, हे आम्हांला सांगता येईना. स्वेच्छेने पत्करलेल्या भटकेपणाचा आमचा (काहीसा पुस्तकीच) अभिमान तेव्हा फारसा उपयोगी पडला नाही. मिस्त्रींनी आत डोकावून पाहिले, चपला बाहेर काढल्या आणि मगच ते गाडीत शिरले. त्या रात्री घर जॅकवर होते. आम्ही त्यांच्या पडवीत झोपलो.