जिभाऊंची शेड

पलसाण्याच्या डाइंग मिलमध्ये वडील जेट मशीनवर होते आणि जिभाऊ शेड मॅचिंगला. दोघंही धुळ्याकडचे. सुरतेच्या कापडधंद्यात खानदेशी माणूस पावलोपावली भेटतो. बारावीनंतर मला मिलमध्येच चिकटवायचं घरात ठरत आलं होतं. "पोराला शिकू द्या, फीचं मी बघतो," जिभाऊ म्हणाले, आणि त्यांनी बघितलं. नोकरी लागल्यावर पैसे परत द्यायला गेलो तर चहा न विचारता बाहेर काढलं.

पैसे एक वेळ फिटलेही असते, त्यांच्याकडून शिकलो ते फिटणारं नाही. लॉट निघाला की जिभाऊ ओलसर तुकडा इस्त्रीखाली वाळवत, सॅम्पलला लावून ट्यूबलाइटखाली बघत आणि मग दारातून उन्हात नेत. आत हुबेहूब जुळलेला राणी रंग बाहेर सरळ वेगळा पडे. रंगांचं मिश्रण निराळं असलं की असं होतं. "एका उजेडावर पास करायचं नाही," एवढंच ते बोलत. बोलणं कमीच.

आता मी आकाशातले ब्लेझार बघतो, आणि तेही एका उजेडावर पास करत नाही. सक्रिय दीर्घिकांची ही एक जात. मध्यभागी महाकाय कृष्णविवर, आणि तिथून सुटलेला झोत जवळजवळ आपल्याच रोखाने. चाळीसएक कोटी प्रकाशवर्षांवरच्या मार्केरियन ४२१ या ब्लेझारचे क्ष-किरण २०१५ साली सोडलेला आपला उपग्रह अ‍ॅस्ट्रोसॅट टिपतो. गॅमा किरणांसाठी २००८ पासून फर्मी उपग्रह आहे, आणि त्याहून जास्त ऊर्जेच्या गॅमा किरणांसाठी माउंट अबूची टॅक्टिक दुर्बीण. क्ष-किरण आणि गॅमा यांचे आलेख एकाखाली एक ठेवले की बहुतेकदा चढ-उतार जोडीनं दिसतात. कारण कर्ता एकच, वेगवान इलेक्ट्रॉन. चुंबकीय क्षेत्रात फिरताना ते क्ष-किरण देतात आणि आपणच निर्माण केलेल्या प्रकाशाला धडक देऊन त्याचे गॅमा करतात. म्हणून क्ष-किरण दुप्पट झाले तर गॅमा कधी कधी चौपट होतात.

मात्र ४ जून २००२ ला १ईएस १९५९+६५० या ब्लेझारचे गॅमा उसळले आणि क्ष-किरण जागचे हलले नाहीत. अशा उद्रेकाला 'अनाथ' म्हणतात. नाव मला फारसं आवडत नाही; आईबाप असतील, आपल्याला दिसले नाहीत इतकंच.

हे फोनवर जिभाऊंना सांगितलं. थोडं थांबून म्हणाले, "दुसऱ्या लॉटचं काहीतरी मिसळलं असंल, भो."

अशा उद्रेकामागे इलेक्ट्रॉनांसोबत प्रोटॉनही असावेत असं मानणारे शास्त्रज्ञ जवळपास हेच म्हणतात, फक्त बरीच पानं घेतात.