पेजेचं उन्हाळी पाणी

वैशाखात कर्जतच्या डोंगरातले ओढे दगड दाखवत पडलेले असतात, करवंदीच्या जाळ्यांवर धूळ बसलेली असते, आणि पेज मात्र काठाकाठानं हिरवं पसरत, खळाळत, श्रावणातल्या ऐटीत वाहत असते. हे पाणी तिनं कमावलेलं नाही. वर घाटमाथ्यावर ठोकरवाडीचं धरण आहे. 1922 पासून तिथलं पाणी भिवपुरीच्या वीजघरात उतरतं, वीज करतं आणि मग पेजेला मिळतं. शेजारचा ओढा होळीलाच आटतो.

त्याचा काय दोष?

काठावरची तरुण पोरं पाहताना मला हेच पाणी आठवतं. ज्याच्या बापानं रस्त्याकडेची जमीन मुंबईकराला विकली, तो पनवेलला खोली घेऊन राहतो, स्पर्धा परीक्षेत आपटतो, पुन्हा बसतो. घरात कुणी घाई करत नाही. पैशानं त्याला हुशारी नाही दिली, सवड दिली. त्याच्याच वर्गातला कातकरवाडीतला पोरगा दिवाळीनंतर आईबापामागं वीटभट्टीवर गेला. उचल आधीच घेतलेली, पावसाळ्यात खाऊन संपलेली. ती फिटेस्तोवर शाळा कुठली? आता तो त्याच विकलेल्या जमिनीवरचं फार्महाऊस राखतो. सकाळी लांब दांडीची जाळी घेऊन तरणतलावातली सागाची पानं काढतो, आणि पाणी न ढवळता जाळी अलगद वळवणारी त्याच्या मनगटाची ती झोकदार फिरकी पेजेत मासे धरताना बापाकडून आलेली असते.

एवढीच इस्टेट.

माथेरानच्या नाभिक घरातले भाई कोतवाल वकील झाले आणि याच मुलखात त्यांनी शाळा काढल्या, सावकाराचं दार चुकावं म्हणून धान्यकोठ्या काढल्या. 2 जानेवारी 1943 ला सिद्धगडावर ते गोळीला बळी पडले. इंग्रजांविरुद्धचं त्यांचं बंड सगळ्यांना आठवतं. मला ती कोठी जास्त आठवते. ज्याच्या घरी साठा नाही, त्याच्यासाठी गावाचा साठा.

खालापूरकडच्या एका कातकरवाडीतली मुलगी बारावी झाली. नर्सिंगला जायचं म्हणते. त्यासाठी हव्या असलेल्या जातीच्या दाखल्याला 6 सप्टेंबर 1950 पूर्वीचा पुरावा लागतो, आणि आजोबा तर रानोमाळ कोळसा पाडत हिंडलेले, ना शाळेच्या पटावर, ना सातबाऱ्यावर. खिडकीपलीकडून विचारणा होते, “आजोबांच्या नावावर काहीच नाही का गं?”

“नाय साहेब,” ती पिशवीत हात घालते, “पन माझी मार्कलिस्ट हाय.”