ट्रॉली घेताना आधी कडी पाहावी

दसऱ्याच्या सुमारास साखर कारखान्यांच्या बॉयलरचे अग्निप्रदीपन होते आणि दिवाळी सरता सरता सातारा-सांगलीच्या रस्त्यांवर ऊस दिसू लागतो. रेठरे बुद्रुकचा कृष्णा, यशवंतनगरचा सह्याद्री, शेंद्र्याचा अजिंक्यतारा, साखराळ्याचा राजारामबापू, कुंडलचा क्रांती. यांच्या गव्हाणीत पडणाऱ्या उसाचा मोठा हिस्सा ट्रॅक्टरमागच्या दोन ट्रॉल्यांतून येतो. ट्रॅक्टर बहुधा कर्ज काढून नवा घेतला जातो. ट्रॉली मात्र अनेकजण जुनीच घेतात. हंगाम संपला की ज्यांचा वाहतुकीचा करार तोट्यात गेला ते ट्रॉल्या विकायला काढतात, आणि पुढच्या हंगामात उतरू पाहणारा तरुण त्या बघायला जातो.

तो काय बघतो? टायर, रंग आणि हौद्याचा पत्रा. गाडी तोलून धरणारी आणि ओढली जाणारी जागा, म्हणजे दांडी, तिच्या टोकाची कडी, ट्रॅक्टरचा हुक आणि या दोहोंतून जाणारी पिन, तो शेवटी बघतो किंवा बघतच नाही. या जोडणीवर काम करणारा माणूस म्हणून माझे म्हणणे उलटे आहे. ट्रॉलीची तपासणी कडीपासून सुरू करावी आणि मागे मागे जावे.

कारण साध्या हिशेबात आहे. उसासह दोन ट्रॉल्यांचे एकूण वजन २५ टन धरले, तर सपाट डांबरीवर चाके नुसती फिरती ठेवायला अंदाजे अर्धा टन ओढ लागते. वीस फुटांना एक फूट असा चढ आला की त्यात सव्वा टनाची भर पडते. मऊ, ओल्या काळ्या रानात तर चाकांचा विरोधच वजनाच्या दहा टक्क्यांवर जाऊ शकतो. म्हणूनच वाहतूकदार फडातून एकेक ट्रॉली बाहेर काढतात आणि रस्त्यावर आणून दुसरी जोडतात. ही सगळी ओढ मनगटाएवढ्याही जाड नसलेल्या एका पिनेतून जाते. पिन कडीत घट्ट बसलेली असेल तर ओढ सलग राहते. कडी झिजून लांबोडी झाली असेल, तर प्रत्येक गिअरला, प्रत्येक खड्ड्याला आधी मोकळे अंतर संपते आणि मग हिसका बसतो. हा हिसका स्थिर ओढीच्या कितीतरी पट असतो. पोलाद एका मोठ्या ओढीने क्वचित तुटते. हजारो हिसक्यांनी त्यात बारीक चीर पडते, ती वाढते आणि एके दिवशी चढावर पिन जाते.

जुन्या ट्रॉलीच्या कडीत बोट फिरवून पाहावे. आतली कड एका बाजूला खोलगट लागली, तर आडवा आणि उभा व्यास मोजावा. फरक डोळ्यांना दिसत असेल तर कडी बदलायचीच, हे धरून किंमत ठरवावी. झिजलेल्या कडीत वेल्डिंगचा भराव घालून ती गोल करून देणारे भेटतात. पण वेल्डिंगच्या उष्णतेने शेजारचे पोलाद ठिसूळ होऊ शकते आणि चीर नेमकी तिथूनच सुरू होते. नवी कडी बसवावी, आणि दांडीला ती जिथे जोडली आहे तिथला सांधा रंग खरवडून बघावा. नुकताच रंग दिलेली दांडी दिसली तर खरवडणे अधिकच गरजेचे.

आता हुक. ट्रॅक्टरमागे ट्रॉली जोडायच्या जागा तीन दिसतात. नांगर-रोटाव्हेटर उचलणाऱ्या लिंकच्या दोन हातांमध्ये बसवलेली भोकांची पट्टी ही पहिली. ती अवजारांसाठी आहे. उसाची ट्रॉली तिला कधीही जोडू नये. दुसरी जागा ट्रॅक्टरच्या पोटाखालून येणारा, डावी-उजवीकडे सरकणारा ड्रॉबार. तो खाली असतो, त्यामुळे ओढायला चांगला. मात्र रस्त्यावर तो मधोमध पिन लावून पक्का केलेला असावा. तिसरी, ट्रॅक्टरच्या मागच्या हाउसिंगला बोल्टने बसवलेला मजबूत ट्रॉली हुक. उसासाठी हाच सर्वाधिक वापरात आहे आणि त्याची उंची हा खरा प्रश्न आहे.

ओढीची रेषा ट्रॅक्टरच्या मागच्या आसाच्या मध्यापेक्षा खालीच हवी. ती वर गेली की ट्रॉली ट्रॅक्टरला मागे खेचते, पुढची चाके हलकी होतात, स्टिअरिंग ऐकत नाही, आणि चढावर ट्रॅक्टर मागे उलटण्याचा धोका तयार होतो. दांडी जमिनीला घासते म्हणून हुक वर चढवून घेणे हा त्यामुळे अत्यंत धोक्याचा उपाय आहे. दांडीची उंची बदलावी, हुकाची नाही.

हुक निवडताना ट्रॉली दोन चाकी की चार चाकी, हेही आधी ठरते. दोन चाकी ट्रॉलीचा काही भार दांडीतून थेट हुकावर येतो. तो बेताचा असेल तर ट्रॅक्टरच्या मागच्या चाकांना पकड मिळते. ऊस मागच्या बाजूला जास्त भरला तर उलट होते: दांडी वर उचलली जाते आणि पकडच जाते. पुढच्या आसावर टर्नटेबल असलेली चार चाकी ट्रॉली आपला भार स्वतःच पेलते. हुकावर जवळजवळ नुसती ओढ येते. अशा ट्रॉलीत टर्नटेबलची झीज आणि मधला बोल्ट बघावा.

अमेरिका-युरोपात मोटारीमागे फिरते घर जोडून सहलीला निघतात, तिथेही जुनी गाडी घेताना हाच प्रश्न पुढे येतो. तिथे पिनेऐवजी पोलादी गोळा असतो, अमेरिकेत बहुधा दोन इंची, युरोपात ५० मिलिमीटरचा, आणि दांडीच्या टोकाची वाटी त्यावर बसते. अमेरिकेत ओढायच्या वजनाच्या १० ते १५ टक्के भार गोळ्यावर यावा असा दंडक आहे. त्याहून कमी असेल तर महामार्गाच्या वेगात मागचे घर झोले खाऊ लागते. आपल्याकडे वेग कमी आणि वजन कैक पट जास्त, म्हणून जोडणी वेगळी. पण हुकावर किती भार येतो हे विचारल्याशिवाय तिथे हुक घेत नाहीत. ती सवय आपल्याकडेही हवी.

दोन ट्रॉल्यांच्या बाबतीत एक गोष्ट सहज नजरेतून सुटते. मागच्या ट्रॉलीची सगळी ओढ पुढच्या ट्रॉलीच्या चासीतून जाते. म्हणून दोन जुन्या ट्रॉल्यांपैकी जी दणकट ती पुढे, आणि जास्त ऊसही पुढच्या ट्रॉलीत. पुढच्या ट्रॉलीचा मागचा हुक ज्या आडव्या चॅनलवर बसवला आहे, तो वाकला आहे का हे खाली वाकून बघावे.

मग बाकीची ट्रॉली. चासीचे दोन्ही कर्ण टेपने मोजावेत. ते सारखे नसतील तर सांगाडा तिरपा झाला आहे आणि टायर एका बाजूने खात राहणार. चाक जॅकवर उचलून वर-खाली हलवावे. खडखड आली तर बेअरिंग गेले. पाटे मोडलेले नसावेत. टायरच्या बाजूवर चार आकडे असतात: २३१९ म्हणजे २०१९ सालचा तेविसावा आठवडा. त्यावरून नक्षी खोल दिसणाऱ्या टायरचेही खरे वय कळते.

पिन मात्र जुनी घेऊच नये. कापलेला सळईचा तुकडा पिन म्हणून घालणे तर पूर्ण बंद व्हायला हवे. लेथवर चांगल्या पोलादाची, कडीत नेमकी बसेल अशी पिन करून घ्यावी आणि खालून लॉक क्लिप लावावी. सोबत दांडीखालून दोन साखळ्या फुलीच्या आकारात ट्रॅक्टरला जोडाव्यात. पिन गेलीच तर दांडी जमिनीत रुतण्याआधी साखळ्यांवर झेलली जाते. या किर्लोस्करवाडीच्या मुलखात, जिथे १९१० पासून लोखंडी नांगर आणि यंत्रे घडली, अशी पिन करून देणारा कारागीर शोधायला लांब जावे लागत नाही.

कागद तितकेच महत्त्वाचे आहेत. १९८८ च्या मोटार वाहन कायद्यानुसार ट्रेलरची स्वतंत्र नोंदणी असते. चासीवर कोरलेला क्रमांक आरसी बुकाशी जुळतो का, बँकेचा बोजा उतरला आहे का, हे पैसे देण्याआधी बघावे. बोजा उतरवायला नमुना ३५ आणि मालकी बदलायला नमुना २९ व ३० लागतात. घेणाऱ्याने ३० दिवसांत नाव बदलण्यासाठी अर्ज करायचा असतो. ट्रॅक्टरच्या विम्यात ट्रॉली आपोआप येत नाही, ती पॉलिसीत नोंदवून घ्यावी लागते. आणि भाड्याने ऊस वाहायचा असेल तर नोंदणी व विमा त्या वापराचे आहेत का, हेही.

आणि दिवे. कऱ्हाडजवळच्या ओगलेवाडीत १९१६ साली सुरू झालेल्या ओगले काच कारखान्याचा प्रभाकर कंदील एके काळी घराघरांत होता, आणि रात्रीच्या बैलगाडीखाली कंदील टांगण्याची रीत होती. आजच्या ट्रॉलीच्या मागे उसाची वाढे लोंबतात, त्यांत तांबडा दिवा असला तरी झाकला जातो, आणि मागून येणाऱ्या दुचाकीस्वाराला अंधारात समोर काय आहे ते कळत नाही. पुढे पांढरी, बाजूंना पिवळी आणि मागे तांबडी परावर्तक पट्टी लावायला फार खर्च येत नाही. दोन ट्रॉल्या असतील तर पट्टी आणि दिवा मागच्या ट्रॉलीवरही हवाच.

कारखाने हंगामाआधी वाहतुकीचे करार करतात. त्याच दिवशी प्रत्येक ट्रॉलीची कडी, पिन, साखळी आणि मागचा दिवा तपासून मगच तिला क्रमांक द्यावा, ही सातारा-सांगलीच्या कारखान्यांना विनंती आहे. आणि जुनी ट्रॉली घ्यायला निघालेल्याने सोबत टेप, जॅक आणि रंग खरवडायला एक पटाशी न्यावी.