बेस हवा, पण शब्द बुडता कामा नयेत!

भीमजयंतीचा कार्यक्रम झाला की दुसऱ्या दिवशी वस्तीत त्याचीच चर्चा असते. कोणी गाण्याचे कौतुक करतो, कोणी भात कच्चा राहिल्याची तक्रार करतो. मागच्या वर्षी मात्र आमच्या वस्तीतल्या आक्कांनी आम्हाला विहाराच्या पायरीवर थांबवले आणि त्या जे बोलल्या, ते आम्ही अजून विसरलो नाही.

"भाऊ, पोरं लय मन लावून गात होती. पण बाबांचं नाव सोडलं तर एक अक्षर कळलं नाही मला. छातीत नुसती धडधड. मधेच आवाज गेला, तवा उलट बरं वाटलं बघा!"

आक्का अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या. त्यांना लिहिता-वाचता येत नाही. बाबासाहेबांचा विचार त्यांच्यापर्यंत पोहोचला तो गाण्यांतून. वामनदादा कर्डक (१९२२-२००४) यांच्यासारख्या लोककवींनी आयुष्यभर गावोगाव फिरून गाण्यातून जे प्रबोधन केले, त्यावर आक्कांची पिढी शहाणी झाली. अशा बाईला भीमजयंतीच्या दिवशी गाण्याचे शब्द ऐकू येऊ नयेत, ही आम्हा कार्यकर्त्यांना लाजिरवाणी गोष्ट होती. त्यातून दोष आमचाच होता. मंडळाच्या जमाखर्चाची वही आमच्याकडे. साहित्य खरेदीला मंजुरी दिली ती आम्हीच. म्हणून त्या चुकीचा हिशेब आज वाचकांपुढे मांडत आहोत. ज्या वस्तीत गायन पार्टी आहे, तिथल्या कार्यकर्त्यांना तो उपयोगी पडेल.

आमच्या पार्टीत पेटी, ढोलकी, कीबोर्ड आणि ऑक्टोपॅड अशी वाद्ये आहेत. चार वर्षांपूर्वी आमच्या पुतण्याने त्यांत बेस गिटारची भर घातली. जाड चार तारांची ही गिटार खालचे सूर धरते आणि ढोलकीच्या ठेक्याला पाया देते. अमेरिकेत लिओ फेंडर यांनी १९५१ मध्ये 'प्रिसिजन बेस' बाजारात आणली आणि माणसाएवढे उंच लाकडी वाद्य उचलून नेण्याचा वाजवणाऱ्यांचा त्रास संपला. पण विजेवर चालणाऱ्या या गिटारीला स्वतःचा आवाज जवळजवळ नाहीच. मशीन आणि स्पीकरचा बॉक्स हाच तिचा गळा. गळा बसला तर वाजवणारा कितीही तयारीचा असो, काय उपयोग?

आमच्याकडे पहिला बॉक्स होता एका पंधरा इंची स्पीकरचा, समोर भोक असलेला. 'मोठा स्पीकर, मोठा बेस' या समजुतीने तो आम्ही जुन्या मालात घेतला. नंतर चार दहा-इंची स्पीकरांचा एक बंद बॉक्स स्वस्तात मिळाला, तोही घेतला. दोन्ही ८ ओहमचे होते. जयंतीच्या दिवशी शेजारच्या वस्तीने प्रेमाने तिसरा बॉक्स दिला, तो ४ ओहमचा. जितके बॉक्स तितका आवाज, असे म्हणून आम्ही तिन्ही एकाच मशीनला जोडायला लावले. कार्यक्रमाच्या दुसऱ्या तासाला जळका वास आला आणि मशीन बंद पडले. तोपर्यंत पुतण्या आवाज वाढवतच होता. आम्ही त्याला सर्वांसमोर रागावलो, "अरे, जरा कमी कर! गाणाऱ्यांना गाऊ दे!" पोरगा काही बोलला नाही. रात्री घरी येऊन म्हणाला, "काका, उद्यापासून मी वाजवणार नाही."

चार दिवसांनी बैठक झाली, ती चांगलीच तापली. तरुणांचे म्हणणे, मशीन दुरुस्तीला पैसे घालण्यापेक्षा पुढच्या वर्षी भाड्याने डीजेची भिंत लावू. वडीलधाऱ्यांचे म्हणणे, बेस गिटार काढूनच टाका, पूर्वी कुठे होती? दोन तट पडायची वेळ आली. शेवटी अध्यक्षांनी सुचवले की निर्णयाआधी एखाद्या जाणकाराला विचारावे. जवळच एक काका राहतात. त्यांचा तीस वर्षांचा माइक-लाइटचा धंदा आहे. त्यांनी आमचे तिन्ही बॉक्स बघितले आणि हसून म्हणाले, "भाऊसाहेब, तुम्ही पै-पैचा हिशेब मिळवता. मग ओहमचा हिशेब का नाही मांडला?"

मग त्यांनी आमच्याच वहीच्या पाठीमागे तो मांडून दाखवला. एका मशीनला दोन बॉक्स शेजारी-शेजारी जोडले की ओहम वाढत नाहीत, उलट कमी होतात. ८ आणि ८ ओहमचे मिळून ४ होतात. आमच्या मशीनवर स्पष्ट लिहिले होते, कमीत कमी ४ ओहम. म्हणजे दोन बॉक्सवरच मशीनची हद्द संपली होती. त्यावर आम्ही ४ ओहमचा तिसरा जोडला. एक अष्टमांश अधिक एक अष्टमांश अधिक एक चतुर्थांश म्हणजे एक द्वितीयांश. तो अपूर्णांक उलटा केला की उत्तर येते २ ओहम. मशीनवर दुप्पट बोजा पडला आणि ते जळाले. शाळेतले अपूर्णांक आम्हाला येत होते, पण मागची पाटी वाचायचे सुचले नाही!

आम्ही विचारले, "पण काका, तिसरा बॉक्स नसतानाही सूर गढूळच यायचा. त्याचे काय?"

काकांनी समजावले ते असे. आमचे मशीन ४ ओहमवर ४०० वॅट देते. ८ ओहमच्या दोन बॉक्सना ते ढोबळमानाने निम्मे-निम्मे वाटले जातात. पंधरा इंचीच्या एकट्या स्पीकरवर २०० वॅट, तर दुसऱ्या बॉक्समधल्या चौघांवर पन्नास-पन्नास. चौघांवर हलके ओझे आणि एकावर चौघांचे. साहजिकच एकाचा आवाज आधी फाटतो. दुसरे असे, भोकाचा बॉक्स आणि बंद बॉक्स खालचे सूर एकाच चालीने सोडत नाहीत. काही सुरांना दोघे एकमेकांना साथ देतात, तर काही सुरांना एकमेकांचे खोडतात. म्हणून एक सूर ढणढणतो आणि पुढचा गायब होतो. वेगवेगळ्या जातीचे बॉक्स कधी जमून जातातही, पण तो नशिबाचा भाग. वर्गणीच्या पैशाने नशीब अजमावू नये.

स्पीकर जितका मोठा तितका बेस खोल, ही समजूतही त्यांनी दूर केली. किती खाली जायचे ते बॉक्सची आतली जागा, त्याचे भोक आणि स्पीकरची घडण ही तिन्ही मिळून ठरवतात. अँपेग कंपनीने १९६९ मध्ये मोठ्या रंगमंचांसाठी ३०० वॅटचे मशीन काढले. त्याच्या जोडीचा बंद बॉक्स आठ दहा-इंची स्पीकरांचा होता आणि तो जगभर नावाजला गेला. बेसची सर्वांत जाड तार सेकंदाला सुमारे ४१ वेळा कंप पावते. पण आपल्या कानाला सूर ओळखू येतो तो त्याच्या दुप्पट, तिप्पट आणि त्याहून वरच्या कंपनांमुळे. तो मधला भाग स्वच्छ आला नाही तर उरते ती फक्त धडधड. आक्कांच्या छातीत झाली ती तीच!

वॅटच्या आकड्यालाही भुलू नये. १ वॅट दिल्यावर १ मीटरवर बॉक्स किती डेसिबल देतो, तो आकडा बघावा. ९७ डेसिबलच्या बॉक्सला २०० वॅट देऊन जो आवाज येईल, तोच १०० डेसिबलचा बॉक्स १०० वॅटमध्ये देतो. नुसते वॅट दुप्पट केल्याने आवाज फक्त ३ डेसिबल वाढतो. कानाला दुप्पट वाटायला सुमारे १० डेसिबल लागतात. महागडे मशीन घेण्याआधी हा हिशेब करावा.

शेवटची गोष्ट ऐकून मात्र आम्हाला फार वाईट वाटले. काकांनी विचारले, "बॉक्स ठेवले होते कुठे?" आम्ही सांगितले, मंचावर, वाजवणाऱ्याच्या मागे, एकाशेजारी एक. काका म्हणाले, "मग पोराला स्वतःचे वाजवणे ऐकूच येत नसणार. जमिनीवरच्या बॉक्समधला स्पष्ट आवाज त्याच्या गुडघ्यांना लागून पुढे जातो. तो वाढवतो स्वतःला ऐकू यावे म्हणून, आणि मार बसतो लोकांना. वर तोच बेस गाणाऱ्यांच्या माइकमध्ये शिरतो, मग शब्द कसे कळणार?"

आम्ही ज्याला चारचौघांत रागावलो, तो पोरगा निर्दोष होता. त्या रात्री घरी जाऊन आम्ही त्याची माफी मागितली. वयाने लहान म्हणून चूक कबूल करण्यात कमीपणा मानायचा, ही रीत आपली नव्हे.

पुढे ठरवून काम केले. जुने दोन बॉक्स विकून अकरा हजार आले. त्यात वर्गणीची भर घालून एकसारख्या दोन बॉक्सची जोडी घेतली. प्रत्येकात दोन दहा-इंची स्पीकर, ८ ओहम, २५० वॅट. एकच कंपनी, एकच नमुना. विहाराच्या सभागृहात एक पुरतो, मोठ्या कार्यक्रमाला दोन्ही जोडले की बरोबर ४ ओहम होतात. दोघांवर बोजा सारखा, सूरही सारखा. एक मनुष्य रिक्षात घालून नेऊ शकतो, हा फायदा वेगळाच.

खरेदीला जाताना गाणारा आणि ढोलकीवाला दोघांना बरोबर नेले. दुकानात एकटी बेस वाजवली की जाड, घुमणारा बॉक्स गोड वाटतो. पण ढोलकीचा डावा घुमारा आणि कीबोर्डचा डावा हात सुरू झाला की तोच बॉक्स चिखल करतो. सर्वांबरोबर वाजवून, दहा पावलांवर उभे राहून, शब्द कळतात का ते ऐकूनच आम्ही निवड केली.

बाकी लहान-लहान गोष्टी. दोन्ही बॉक्स एकावर एक उभे रचावेत, म्हणजे वरचे स्पीकर वाजवणाऱ्याच्या कानाजवळ येतात. भिंतीच्या कोपऱ्यात ढकलू नयेत, तिथे खालचा आवाज फुगतो. जोडणी उलटी नाही ना ते बॅटरीच्या सेलने बघावे. अधिक टोक अधिकला क्षणभर टेकवले की दोन्ही बॉक्सचे पडदे एकाच दिशेला हलले पाहिजेत. एक उलटा निघाला तर दोघे मिळून बेस खाऊन टाकतात. मशीन ते बॉक्स स्पीकरचीच जाड वायर घ्यावी, गिटारची बारीक वायर तिथे चालत नाही. गाणाऱ्यांच्या माइकला मिक्सरवर 'लो कट'चे बटण असते, ते दाबावे. आणि मैदानातल्या लोकांपर्यंत आवाज नेण्याचे काम मंचावरच्या बॉक्सचे नाही. मशीनमधून मिक्सरला लाइन द्यावी आणि मंचावर लागेल तेवढाच आवाज ठेवावा.

डीजेच्या भिंतीचा विषय तरुणांनीच सोडला. ध्वनिप्रदूषणाच्या २००० सालच्या नियमांप्रमाणे रहिवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबलची मर्यादा आहे, आणि खास परवानगी नसेल तर रात्री १० नंतर लाउडस्पीकर बंद. खालचे सूर तर भिंतींतून पार जातात. आपल्या आनंदाने शेजारच्या आजाऱ्याची झोप मोडत असेल, तर ती धम्माची शिकवण नव्हे.

त्यानंतरच्या धम्मचक्र प्रवर्तन दिनाला नवी जोडी पहिल्यांदा वाजली. पुतण्याच्या मशीनचे बटण निम्म्यावरही गेले नाही. बेस होता, पाया भक्कम होता, पण त्यावर शब्द मोकळे उभे होते. आक्का पहिल्या रांगेत बसल्या होत्या. कार्यक्रम दहाच्या आत संपला. आम्ही मुद्दाम त्यांच्याजवळ गेलो.

"आज समदं कळलं, भाऊ," त्या म्हणाल्या. मग मंचाकडे बोट करून विचारले, "ते जाड तारांचं वाजवीत होतं, ते पोरगं कुणाचं?"

आम्ही म्हणालो, "आपलंच आहे, आक्का."

कार्यकर्त्या बांधवांनो, साहित्य घेताना आकड्यांचा हिशेब जरूर करा. पण शेवटचा हिशेब एकच ठेवा. मागच्या रांगेतल्या म्हातारीला गाण्याचा शब्द कळला की नाही? तो कळला, तर वर्गणीचा पैसा सत्कारणी लागला.

जयभीम!