रुम्बकची थंडी आणि कॅमेरा

लडाखला जावयाचें तें उन्हाळ्यांत, हा आपल्याकडील प्रघात सोयीचा आहे यांत संशय नाहीं. परंतु ज्यास हिमबिबट्या पाहावयाचा आहे त्यास माघ-फाल्गुनाच्या थंडींतच तेथें गेलें पाहिजे. उंचावरील चारा बर्फाखालीं गेला म्हणजे भरल नांवाच्या रानमेंढ्या खालच्या दऱ्यांत उतरतात, आणि त्यांच्या मागोमाग हा लाजाळू प्राणीही उतरतो. २०१९ ते २०२३ या काळांत आपल्या देशांत त्याची प्रथमच पद्धतशीर गणना झाली. तींत एकंदर ७१८ हिमबिबटे असल्याचा अंदाज निघाला. पैकीं ४७७ एकट्या लडाखांत. हेमिस राष्ट्रीय उद्यानांतील रुम्बक हें खेडें त्याच्या दर्शनासाठीं प्रसिद्ध आहे.

लेह शहर सुमारें ११,५०० फूट उंचीवर. तेथें दोन-तीन दिवस स्वस्थ पडून राहून विरळ हवेची संवय करावी लागते. मग सिंधु ओलांडून झिंगचेनपर्यंत मोटारीनें, आणि पुढें गोठलेल्या ओढ्याच्या कांठानें पायीं. घरें दहा-बाराच, कच्च्या विटांचीं, धाब्यावर चारा व सरपण रचलेलीं. प्रवासी या घरांतच उतरतात. हिवाळ्यांत सारें कुटुंब स्वयंपाकघरांत राहतें. मधोमध नक्षीची चूल, भिंतीशीं फळ्यांवर ओळीनें मांडलेलीं तांब्यापितळेचीं भांडीं, तींही अशीं लखलखीत कीं आपल्याकडील गृहिणीनें हेवा करावा! चुलीजवळच्या उबदार जागीं घरची आजी बसलेली असे. आजीस तिकडे ‘अबी’ म्हणतात; ‘ले’ हा आपल्या ‘जी’सारखा आदराचा प्रत्यय. अबीलेंचा नातू फौजेंत दूर कोठें तरी होता. पहिल्याच रात्रीं लोणी-मिठाचा चहा पीत असतां त्यांनीं सुनेच्या मुखानें मला हिंदींत विचारलें कीं, त्याला पाठविण्याजोगें माझें एक चांगलें छायाचित्र काढाल काय? निघण्यापूर्वीं काढीन, असें मीं वचन दिलें.

वचन देणें सोपें होतें. दुसऱ्या दिवशीं पहाटे अंगणांतील उष्णतामापक शून्याखालीं २२ अंश दाखवीत होता. बहुतेक डिजिटल कॅमेऱ्यांच्या माहितीपत्रकांत ० ते ४० अंश हीच मर्यादा छापलेली असते. त्याखालीं कॅमेरा लागलीच बंद पडतो असें नव्हे. पण त्याचा एकेक अवयव कुरकुरूं लागतो, आणि पहिली कुरकुर बॅटरीची. थंडींत खोबरेल तेलाची बाटली कशी ओतेनाशी होते, हें सर्वांस ठाऊक आहे. लिथियमच्या बॅटरीच्या पोटांतील द्रव इतका थिजत नाहीं. तरी तो जड होतो, आणि त्यांतून ये-जा करणारे विद्युत्भारित कण रखडूं लागतात. आंतला विरोध वाढतो, दाब खालीं येतो, आणि बॅटरी रिकामी झाली अशा समजुतीनें कॅमेरा मिटून जातो. वस्तुतः शक्ति तिच्यांत असतेच. तीच बॅटरी अर्धा तास बगलेंत धरली कीं पुन्हां कामास लागते. म्हणून एक कॅमेऱ्यांत व बाकीच्या सदऱ्याच्या आंतल्या खिशांत, हा तेथील नियम. रात्रीं तर विरजणाचें भांडें शालींत गुंडाळावें तशा मीं त्या लोकरी मोज्यांत गुंडाळून अंथरुणांत घेत असें. दुसरी गोष्ट अशी कीं, गारठलेल्या बॅटरींत वीज भरूं नये. शून्याखालीं तसें केल्यास लिथियमचा धातुरूप थर आंतल्या पट्टीवर बसतो, आणि मग तें नुकसान कोणत्याही उबेनें भरून येत नाहीं.

बाहेरच्या थंडीपेक्षां घरांतली ऊब कॅमेऱ्यास अधिक घातक, हें ऐकून पुष्कळांस नवल वाटेल. चुलीवर थुक्पा रटरटत असतो. त्या दमट हवेंत थंडगार कॅमेरा नेला कीं, गार पाण्याच्या तांब्यास फुटावा तसा त्यास घाम फुटतो. बाहेरचा पुसतां येईल, भिंगाआड शिरलेला कसा पुसणार? उपाय साधा. उंबरठ्याबाहेरच कॅमेरा प्लॅस्टिकच्या पिशवींत घालून तिचें तोंड घट्ट बांधावें आणि तास-दोन तास तसाच राहूं द्यावा. घाम येतो तो मग पिशवीस.

थंडीचा एक उपकारही सांगितला पाहिजे. रात्रीं आकाशाचें छायाचित्र घेतांना उष्णतेमुळें चित्रांत जे खोटे ठिपके उमटतात ते गारठ्यांत फारच कमी होतात. वेधशाळांतील कॅमेरे याच कारणास्तव मुद्दाम थंड करून ठेवतात. शिवाय मागच्या पिढ्यांचे हाल आठवले म्हणजे आपलें तोंड आपोआप बंद होतें. सॅम्युएल बोर्न यानें १८६६ सालीं मणिरंग खिंडींत १८,६०० फुटांवर ओल्या काचांवर छायाचित्रें घेतलीं; काचेवरील लेप वाळण्यापूर्वींच सर्व क्रिया उरकावयाची, आणि तीही तंबूच्या अंधारांत! माझें सारें दुःख खिशांत मावण्याएवढें होतें.

चौथ्या दिवशीं मात्र तें मोठें झालें. दोन दिवस आभाळ भरलेलें असल्यामुळें छपरावरील सौर तावदानांची वीज दिव्यांसही पुरेना. तीन बॅटऱ्यांपैकीं एक पूर्ण संपली होती, दुसरींत थोडी धुगधुगी होती, आणि तिसरी भरलेली माझ्या छातीशीं होती. पुढील पहाटे आम्ही परत निघणार होतों. दुपारीं आमच्या वाटाड्यानें दुर्बिणींतून समोरची धार चाळतां चाळतां एकदम हात वर केला. खडक आणि बर्फ यांच्या सीमेवर तो पसरला होता. शेपटी हलली म्हणूनच दिसला.

मीं हातमोजा काढला. दहा-बारा वेळां कळ दाबली; मागचा पडदा मंद होऊन विझला. दुसरी बॅटरी संपली. बोटांचीं टोकें पांढरीं पडलेलीं पाहून वाटाड्यानें माझा हात ओढून आपल्या कोटाआड धरला आणि चांगलेंच खडसावलें. सोबतचे गृहस्थ म्हणाले, ‘‘अहो, तिसरी घाला! असा योग पुन्हां यावयाचा नाहीं.’’ योग पुन्हां येणार नव्हता हें खरेंच. परंतु त्या गारठ्यांत ती किती टिकेल याचा भरवसा नव्हता आणि घरीं वीज नव्हती. मीं कोटाची गुंडी लावली आणि दुर्बिणीस डोळा लावला. तो उठला, आळस दिला, आणि धारेपलीकडे गेला. हें चित्र माझ्यापाशीं नाहीं.

सायंकाळीं अबीले नवा रुमाल बांधून तयार होत्या. खिडकीजवळ उजेड बरा होता, म्हणून मीं त्यांना तेथें बसण्यास विनविलें. त्यांनीं साफ नकार दिला. फळीवरचीं भांडीं मागें दिसलींच पाहिजेत, म्हणजे घर नीट चाललें आहे हें नातवास कळेल! सून म्हणाली, ‘‘भांडीं कालच घांसलीं आहेत.’’ मग दोन दिवे त्यांच्यासमोर ठेवून, कॅमेरा ट्रंकेवर टेकवून मीं सात छायाचित्रें घेतलीं. बॅटरी उबदार होती. तिनें कुरकुर केली नाहीं.

लेहच्या बाजारांत त्यांतील एकाच्या दोन प्रती छापून घेतल्या आणि झिंगचेनकडे जाणाऱ्या मोटारवाल्याबरोबर पाठविल्या. हिमबिबट्याचींही दहा-बारा चित्रें आहेत. घरच्या मंडळींस तो खडकांत कोठें आहे हें प्रत्येक वेळीं बोट ठेवून दाखवावें लागतें.